दोन ऑगस्टचा आकडा

६ जून १९८७, शनिवार

काम तिला दिलं. शेणकिड्यांचं काम — तिला!

सरांनी सकाळी केबिनमध्ये बोलावलं तेव्हा वाटलं, मलाच काही सांगतील. गोराईची ती जागा दोन वर्षांपूर्वी मीच दाखवली होती. बोरिवलीहून सरांना खाडीपलीकडे नेलं, सुंदराबाईची ओळख करून दिली, तिचं भात, तिचे भाजीचे वाफे, गुरं चरतात तो माळ, सगळं फिरवलं. सर तेव्हा म्हणाले होते, काशीराम, इथे आपण कधीतरी काम करू. आपण!

आज त्यांच्यासमोरच्या खुर्चीत एक मुलगी. अनुपमा. एम.एस्सी. झालेली, चेंबूरहून येते, सरांच्या हाताखाली पीएच.डी. करणार. विषय — पाऊस कमीजास्त झाला की शेतातले शेणकिडे कमीजास्त होतात का. सर तिला म्हणाले, काशीराम तुला डबे पुरून देईल.

वीस वर्षं झाली अंधेरीच्या या कॉलेजात, प्राणिशास्त्राच्या लॅबमध्ये. गच्चीवरच्या मापकातला पाऊस रोज सकाळी साडेआठला मी मोजतो. सुट्टीच्या दिवशीसुद्धा बोरिवलीहून येऊन मोजलाय. आणि मी डबे पुरून देणार.

पाऊस नाही.

१४ जून, रविवार

पाऊस १८ मि.मी. काल दहा डबे पुरले. पाच माळावर, पाच वाफ्यांच्या कडेला. डब्याचं तोंड जमिनीबरोबर, वर तारेला जाळीच्या कापडात बांधलेला ताज्या शेणाचा गोळा. वासाला किडे येतात आणि आत पडतात. आज सकाळी मोजले, सोडून दिले. चार.

मला वाटलं होतं, पोरगी शेणाला हात लावताना तोंड वाकडं करील. तिने बांगड्या मागे सारल्या आणि सरळ पाटीत हात घातला. मला काशीरामभाऊ म्हणते. सुंदराबाईशी तर अशी बोलत बसली जशी तिची भाचीच. सुंदराबाईने मला दोन वर्षांत कधी कोरा चहा सोडून काही दिलं नाही. आज हिच्यासाठी घावन.

१९ जून

पाऊस १०२. गच्चीवर भिजलो. सरांना आकडा सांगितला तर म्हणाले, अनुपमाच्या वहीत लिहून ठेव.

२८ जून, रविवार

पाऊस ७. किडे ३९.

अनुपमा नाराज. एकवीस तारखेला, धो धो पावसानंतर लगेच, सगळे मिळून सहाच सापडले होते. आज पाऊस नाही म्हणावा असा, आणि एकोणचाळीस. तिचा हिशोब जुळेना. परतीच्या बोटीत मी सांगितलं. ज्या दिवशी पाऊस त्या दिवशी किडे नसतात. माती वरून पाणी धरते, किडा खाली असतो. पाणी जिरून वीतभर खोल माती मऊ व्हायला आठ-दहा दिवस लागतात. मग ते वर येतात. कुडाळला गुरांमागे असायचो तेव्हापासून बघतोय. अजून आठ दिवसांनी ये, म्हटलं, मोजता मोजता थकशील.

तिने लगेच वही काढली. बोट हलत होती तरी लिहीत होती.

का सांगितलं, कुणास ठाऊक. तिने विचारलं म्हणून. वीस वर्षांत कुणी विचारलं नव्हतं.

५ जुलै, रविवार

१८४!

माळावरच्या एका डब्यात एकतीस. मोठे काळे, बारके तपकिरी, शेणाची गोळी उलट्या पायांनी ढकलत नेणारे, सगळे. सुंदराबाई म्हणाली, बांधावर सकाळी पडलेलं शेण दुपारी दिसत नाही, मातीतच जातं, या दिवसांत तिला माश्यांचा त्रास नाही. अनुपमाने तेही लिहून घेतलं. मी चिखलात बसून मोजत होतो आणि मनात म्हणत होतो, बघ. सांगितलं होतं ना.

८ जुलै

सरांच्या केबिनमध्ये चहा घेऊन गेलो. दुसऱ्या कॉलेजचे दोन प्राध्यापक बसलेले. अनुपमा फळ्यावर रेघा काढून सांगत होती — पाऊस आज, किडे दहा दिवसांनी. वीतभर माती. तेच शब्द. माझे.

एक प्राध्यापक म्हणाले, वा, फारच बारीक नजर आहे मुलीची.

कप ठेवले आणि बाहेर आलो. दरवाजा ओढून घेतला.

घरी शेवंतीला सांगितलं. माझी बायको एका वाक्यात मोडीत काढते सगळं. म्हणाली, "नाव नाय घेतल्यानी, तर भात गोड लागना नाय तुमका?" 

नाही लागत.

१२ जुलै, रविवार

किडे १५१. पाऊस कालपासून गायब. अनुपमाशी कामापुरतं बोललो. तिने दोनदा विचारलं, बरं नाही का. बरं आहे, म्हटलं.

१९ जुलै

पाऊस नाही. किडे ८८.

२६ जुलै, रविवार

सोळा दिवस कोरडे. माळावर भेगा. शेण वरून वाळून पापड झालंय, आठवड्याचं तसंच पडून. सुंदराबाईचं भाताचं रोप पिवळं पडलं, लावणी खोळंबली. किडे ४०. सर पेपर वाचून सांगत होते, देशभर हीच रड आहे. पण अनुपमाच्या आकड्यांवर खूश. सुंदर उतरतोय आलेख, म्हणाले. तिच्याकडे बघून हसले. माझ्याकडे बघून ते शेवटचे कधी हसले?

तिच्या कामात कुठेतरी माती पडावी. असं वाटतं. लिहून ठेवतो, इथे कोण वाचतंय.

३१ जुलै

अनुपमाला कावीळ. तिच्या वडिलांनी चिठ्ठी पाठवली. सर म्हणाले, काशीराम, रविवारचं तू एकट्याने करून ये, आणि आकड्यांचा कागद तिच्या घरी पोचव. ती काळजी करत बसेल.

माझी काळजी कुणाला!

२ ऑगस्ट, रविवार

पाऊस नाही. तेविसावा कोरडा दिवस.

माळावरचे पाचही डबे जवळजवळ रिकामे. एकात एक किडा, तोही मरतुकडा. वाटलं, संपलं. मग वाफ्यांकडे गेलो.

सहाव्या डब्यात अकरा. सातव्यात सतरा. मी पालथा पडून बघत राहिलो. आठव्यात चौदा, नवव्यात सोळा, दहाव्यात बारा. एकूण एकाहत्तर! मागच्या रविवारी दोन्हीकडचे मिळून चाळीस होते.

मग ध्यानात आलं. सुंदराबाईने दहा-बारा दिवस विहिरीवरून पाणी ओढून रोप जगवलंय आणि तेच पाणी वाफ्यांतून फिरवलंय. हात घालून बघितला. वीतभर खाली माती मऊ. म्हणजे किड्याला आभाळातलं काही कळत नाही. पाणी वरून पडलं की विहिरीतून आलं, त्याला काय त्याचं? त्याला ओल कळते. सर, अनुपमा, ते दोन प्राध्यापक, सगळे पाऊस पाऊस करतायत आणि खरी गोष्ट मातीत आहे.

हे मी शोधलं. मी. एकट्याने. कुणी फळ्यावर दाखवलं नाही मला.

किडे वाफ्यांतच सोडले. बघता बघता खाली गेले. कागदावर आकडे अजून भरले नाहीत, हात शेणाने माखलेले होते. उद्या चेंबूरला जाताना भरीन. इथे टिपून ठेवतो. ६–११, ७–१७, ८–१४, ९–१६, १०–१२, माळावर १.

येताना बोटीत एकटाच हसत होतो.

३ ऑगस्ट

आज जे केलं ते लिहायला हात होत नाही. तरी लिहितो.

अंधेरीहून बसने चेंबूर. दोन खोल्यांचं घर. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, दोन्ही तसबिरींना ताजी फुलं. अनुपमाचे वडील भीमराव, रेल्वेत फिटर, मूळचे कराडकडचे. मी दारात उभाच होतो, तर त्यांनी स्वतः उठून मला खुर्ची दिली आणि आपण खाटेच्या कडेवर बसले. आमच्या सरांनी वीस वर्षांत मला बस म्हटलेलं नाही. अनुपमा आतल्या खोलीत झोपलेली. तिची आई पन्हं घेऊन आली.

कागद माझ्या खिशात, कोरा. मी पेन काढलं. आता एकाहत्तर लिहायचे आणि भीमरावांना सांगायचं, पोरगी उठली की सांगा, काशीरामने काय बघितलं ते. मी शब्दसुद्धा जुळवले होते.

तेवढ्यात भीमराव म्हणाले, "काशीरामभाऊ, आमच्या पोरीनं शोध लावलाय बरं का. पाऊस पडला की दहा दिवसांनी किडे वर येतात. वीतभर माती मऊ व्हावी लागते म्हणे. मोठमोठ्या प्रोफेसरांना माहीत नव्हतं."

अभिमानाने त्यांचा चेहरा फुलला होता. हो म्हटलं. पन्हं प्यायलो. हा माणूस माझ्या डोळ्यांसमोर माझी गोष्ट मला सांगत होता, आणि त्याला ठाऊकसुद्धा नव्हतं.

मग लिहिलं. माळ — १, ०, ०, ०, ०. वाफे — २, १, २, १, २. एकूण नऊ.

म्हटलं, एवढी खूश आहे ना आलेखावर, पडू दे खड्डा. एकाहत्तर माझे आहेत, तिला का देऊ?

कागद भीमरावांच्या हातात दिला. ते जिन्यापर्यंत पोचवायला आले.

९ ऑगस्ट, रविवार

पाऊस ६१. पुन्हा सुरू झाला. किडे १२. जीभ कडू आहे सकाळपासून.

२२ ऑगस्ट

वाट लागली.

अनुपमा परत आली, बारीक झालीये. सरांनी सगळे आकडे भिंतीवर लावले आणि नऊवर बोट ठेवून टेबलावर हात मारला. म्हणाले, हे बघ, पाऊस थांबला आणि तीन आठवड्यांत किडे संपले, माळावर आणि वाफ्यांवर एकसारखे. इतकं स्वच्छ उदाहरण कुठे मिळणार नाही. यावर निबंध लिहायचा, नोव्हेंबरच्या परिषदेत वाचायचा, मग छापायचा.

मी खड्डा पाडायला गेलो आणि तिला शिखर बांधून दिलं. आणि ते खोटं आहे हे जगात एका माणसाला माहीत आहे. तो बाटल्या धूत होता.

२० सप्टेंबर

पाऊस २६. किडे ११७. सगळे आकडे खरे लिहितो. त्याने काय होणार?

१८ ऑक्टोबर, रविवार

सुंदराबाईने अनुपमाला विचारलं, मी पाणी ओढत होते तेव्हा तर वाफ्यांत किडे होतेच की, फावडं मारलं की निघायचे. अनुपमा माझ्याकडे वळली. मी म्हटलं, मला तर दिसले नाहीत. सुंदराबाई फावडं उचलून वाफ्यांकडे गेली.

१५ नोव्हेंबर

परिषदेत अनुपमाने निबंध वाचला. टाळ्या पडल्या म्हणे. शिपायापासून प्रिन्सिपॉलपर्यंत सगळे तिचं नाव घेतायत. माझ्या खोट्यावर तिच्या टाळ्या. कुणाचा राग करू तेच कळेना झालंय. तिचाच करतो, सवयीने.

२४ नोव्हेंबर

छापायला पाठवायचा निबंध टाइप होऊन आला. अनुपमाने लॅबमध्ये आणून माझ्यासमोर ठेवला. इंग्रजी मला फार येत नाही, पण नावं वाचता येतात. पहिलं तिचं. दुसरं सरांचं. तिसरं — के. डी. परब.

मी विचारलं, हे कोण?

म्हणाली, काशीराम धाकू परब, दुसरं कोण? दहा दिवसांची गोष्ट तुमची आहे. ती सांगत होती की सर आधी तयार नव्हते, लॅबमधल्या माणसाचं नाव कुठे घालतात का म्हणाले, तर तिने सांगितलं, मग माझंही नको. तिची वही उघडून दाखवली. २८ जूनचं पान. वर लिहिलेलं, 'काशीरामभाऊंचं निरीक्षण, परतीच्या बोटीत.' आठ जुलैला फळ्यासमोरसुद्धा तिने सुरुवात माझ्या नावानेच केली होती म्हणे. मी नंतर आत गेलो. चहा घेऊन. वडिलांनाही सांगितलं होतं, पण त्यांच्या तोंडी पोरीचंच नाव येतं, त्याला काय करणार, म्हणून हसली.

मी बेसिनपाशी गेलो आणि नळ सोडून उभा राहिलो.

२५ नोव्हेंबर

सांगितलं नाही.

छापील अक्षरात नाव. गावी म्हाताऱ्याला दाखवता येईल. धाकूचं नावही आहे त्यात, 'डी' म्हणून का होईना.

२६ नोव्हेंबर

सांगितलं.

दुपारी लॅबमध्ये दोघंच होतो. वाटलं होतं रडेल, किंवा कानाखाली मारील. तिने एवढंच विचारलं, "किती होते?"

"एकाहत्तर."

"कुठल्या डब्यांत?"

मी सांगितलं. आकडे तोंडपाठ आहेत. तिने पेन्सिल काढली आणि लिहायला लागली. वाफ्यांना पाणी होतं का, किती दिवस, किती खोल ओल होती. लिहिता लिहिता तिचा चेहरा उजळला — खरंच उजळला — आणि म्हणाली, म्हणजे पाऊस नाहीच, ओल! हे नऊपेक्षा कितीतरी मोठं आहे. मला इतका हेवा तिचा कधी वाटला नव्हता. तिच्या जागी मी असतो तर आधी माणसाला शिव्या दिल्या असत्या. तिला आधी किडे दिसले.

शिव्या नंतर आल्या. शिव्या नव्हेत, एकच प्रश्न. का केलंत? मी सांगितलं. खुर्ची, पन्हं, भीमराव, सगळं. ऐकून घेतलं. मग कागद गोळा करून म्हणाली, चला, सरांकडे.

भाऊ म्हणाली नाही.

२७ नोव्हेंबर

काल सरांपुढे जे झालं ते. सरांनी सगळं ऐकलं आणि चष्मा पुसला. म्हणाले, परिषदेत आकडा वाचून झालाय, शंभर लोकांनी ऐकलाय. आता लॅबमधला माणूस चार महिन्यांनी आठवणीतून दुसरा आकडा सांगतो म्हणून मी फिरवायचा? मला विचारलं, "तेव्हाचं लिहिलेलं काही आहे तुझ्याकडे? कागद? वही?"

अनुपमा माझ्याकडे बघत होती.

ही वही आहे. दोन ऑगस्टचं पान आहे, डब्यागणिक आकडे आहेत. पण ते पान द्यायचं तर आजूबाजूची पानंही जातील. तिच्याबद्दल काय काय लिहिलंय. सरांबद्दल. तिच्या कामात माती पडावी म्हणून मागितलेलं. ते ती वाचणार, सर वाचणार.

"नाही," म्हटलं.

सर म्हणाले, मग विषय संपला.

४ डिसेंबर

अनुपमाने सरांना सांगितलं, नऊ छापणार असाल तर माझं नाव काढा. सर म्हणाले, मग गाइडही दुसरा शोध.

१८ डिसेंबर

ती गेली. दुसरा गाइड मिळाला नाही, सरांनी काढून टाकलेल्या मुलीला कोण घेणार? मुलुंडच्या एका शाळेत शिकवायला लागणार आहे. डबे, जाळीचं कापड, तारा, सगळं धुऊन पुसून माझ्या टेबलावर ठेवून गेली. मी गच्चीवर होतो. मुद्दामच.

शेवंती विचारते, आता तर ती गेली, आता का जेवत नाही?

२६ जानेवारी १९८८

झेंडावंदन. सर मला म्हणाले, जूनपासून गोराईचं काम तूच बघ. खुर्चीकडे हात केला. बस म्हणाले.

मी उभाच राहिलो.

११ मार्च

अंक छापून आला. निबंधावर दोनच नावं आहेत — सरांचं आणि माझं. तिची जागा मला मिळाली. नऊच्या आकड्यासकट. सुटीच्या अर्जाला कारण घरगुती लिहिलंय. उद्या ही वही घेऊन चेंबूरला जातो. एकही पान फाडलेलं नाही.